बेळगावच्या शिवारापासून चोर्ल्याच्या सड्यापर्यंत: निसर्गाचे फोटो कुठे आणि कधी शोधायचे?

प्रश्न थोडक्यात असा: राहायला बेळगावच्या वडगावात, हातात लहान सेन्सरचा साधा एपीएस-सी कॅमेरा, १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स, सुट्टी फक्त रविवारी. घराजवळ टिपण्यासारखं काही मिळेल का, की दांडेली-अंबोलीला गेल्याशिवाय निसर्गाचे फोटो होतच नाहीत? आणि लांब जायचंच झालं तर कुठे आणि कोणत्या महिन्यात?

सुरुवात लेन्सपासून करावी लागेल, कारण कुठे जायचं हे बरंचसं तीच ठरवते. पक्षी किती जवळ हवा, याचं गणित सोपं आहे. लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले पक्ष्याची लांबी, भागिले सेन्सरवर हवी असलेली प्रतिमा. एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ मिमी रुंद असतो. चिमणीएवढा, १५ सेंमीचा पक्षी फ्रेमच्या एक तृतीयांश रुंदीत बसवायचा, तर सेन्सरवर तो ८ मिमी यायला हवा. ३०० गुणिले १५०, भागिले ८, म्हणजे साडेपाच मीटरपेक्षा जरासं जास्त. गायबगळा अर्ध्या मीटरचा, त्याला १९ मीटर चालतात. मोठ्या बगळ्याला ३३-३४ मीटरही पुरतात.

जंगलातला लहान पक्षी साडेपाच मीटरवर क्वचितच टिकतो. किल्ला तलावाच्या कठड्याजवळचा खंड्या, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांवरचे तांबट आणि हळद्या, टिलरच्या मागे चालणारे बगळे यांना मात्र माणसांची सवय झालेली असते. ३०० मिमी वापरणाऱ्याला घराजवळच जास्त चांगले फोटो मिळतात, ते यामुळे. हीच लेन्स घेऊन दांडेलीला गेलात तर उंच झाडाच्या शेंड्यावर काळा ठिपका मिळेल, आणि दोष जागेचा की लेन्सचा हेही कळणार नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वर्ष घरापासून ५ किमीच्या आतली एकच जागा धरा आणि तीच सगळ्या ऋतूंत बघा. लांबचे प्रवास त्या जागेने शिकवलेल्या गोष्टींवर ठरवा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: पाणी, झाडी आणि मोकळी जमीन जिथे मिळते तो काठ, आणि पाण्याच्या पूर्वेला उभं राहायला वाट. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे तुम्ही पाण्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायला हवं. पश्चिम काठावर उभं राहिलात तर पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. गुगल मॅपचं उपग्रह दृश्य उघडा आणि येळ्ळूर, धामणे, हलगा, कंग्राळी या शिवारांतून शेततळी, जुन्या विहिरी, पाणी साचलेल्या दगडखाणी आणि बळ्ळारी नाल्याचा काठ शोधा. मग एकदा दुपारी कॅमेरा न घेता जाऊन वाटा बघून या, शेत ज्यांचं आहे त्यांच्याशी बोला. परवानगी घेतलेल्या बांधावर तासभर शांत बसता येतं. चोरून शिरलात तर पाच मिनिटांतच उठवलं जातं. वेळेचा अंदाजही घेऊन ठेवा: बेळगावात डिसेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनच्या शेवटी सहाच्या सुमारास. उगवल्यापासूनचा पहिला दीड तास कामाचा.

आता ऋतू. मिरगाचा पहिला पाऊस पडला की लाल मातीच्या मोकळ्या जागेत, पायवाटेच्या कडेला मखमली लाल मिरगाचे किडे निघतात. थोडेच दिवस दिसतात, तेही ओल असेपर्यंत. किडा सेंटिमीटरभर. ७०-३०० ने तो साधारण पाव आकारात येतो, म्हणजे सेन्सरवर जेमतेम अडीच मिमी. इथे १८-५५ लेन्सच्या मागे ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (काच नसलेली पोकळ नळी) लावा. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढी मोठवण वाढते: ३६ भागिले ५५, म्हणजे ०.६५. लेन्सची स्वतःची ०.३ च्या आसपास धरली तर किडा जवळजवळ मूळ आकारात सेन्सरवर येतो. ट्यूब विद्युत संपर्काच्या पिना असलेलीच घ्या. बिनपिनांच्या स्वस्त ट्यूबवर आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, आणि अ‍ॅपर्चर उघडं राहिलं तर किड्याचा एक पाय तेवढा स्पष्ट येतो. एफ/११, १/२००, आयएसओ २०० ते ४००, आणि फ्लॅशपुढे बटर पेपरचे दोन थर. नुसत्या फ्लॅशने त्या मखमलीवर पांढरे डाग पडतात. पोटावर झोपून कॅमेरा जमिनीला टेकवा. उभ्याने वरून काढलेला फोटो नोंदीपुरता ठीक असतो, बाकी काही नाही.

जुलैत भाताची नट्टी (लावणी) सुरू झाली की आपल्या भागातला सर्वांत चांगला विषय शिवारात आपोआप उभा राहतो. टिलर चिखल करत जातो, किडे-बेडूक वर येतात आणि गायबगळे अगदी यंत्राच्या फाळांपर्यंत येतात. हा त्यांचा विणीचा काळ, डोकं-मान नारिंगी झालेली. सोबत शराटी, कधी कांडेसरही. टिलर फेरी मारून कुठे वळतो ते बघा आणि वळणापासून पंधरा-वीस मीटरवर बांधावर बसा. बगळे तिथे उडून पुन्हा उतरतात, तीच फ्रेम. ढगाळ उजेडात एफ/५.६, १/१६००, आयएसओ ८०० ते १६००. गडद चिखलात पांढरा पक्षी असला की कॅमेरा चिखल बघून उजेड वाढवतो आणि पिसांचा तपशील जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१ ठेवा, हायलाइटची सूचना चालू ठेवा आणि पांढऱ्यावर लुकलुक दिसली की आणखी एक पायरी खाली या. उलट कोतवालासारखा काळा पक्षी फिकट आकाशासमोर असेल तर +१ लागेल. तरव्यावर पाय पडणार नाही याची काळजी घ्या. त्या रोपांवर घराचं वर्ष अवलंबून असतं.

याच काळात विहिरींवर आणि बाभळींवर सुगरणींची वसाहत असते. नर अर्धवट विणलेल्या घरट्याला लोंबकळून पंख फडकवतो तो क्षण १/२००० ने मिळतो. तुम्ही बसल्यावर पाच मिनिटांत पक्षी परत आले नाहीत तर जागा चुकली आहे, दहा मीटर मागे सरका. तेवढ्यानेही फरक पडला नाही तर निघून जा.

सप्टेंबर-ऑक्टोबर कीटकांचा. धुक्याच्या सकाळी कोळ्यांची जाळी दवाने भरलेली असतात. त्यांना सूर्य समोर घेऊन टिपा, मागे झाडीची गडद सावली असू द्या. खुळखुळ्याच्या झुडपांवर ब्लू टायगरसारखी फुलपाखरं घोळक्याने बसतात, कारण त्या झाडातली द्रव्यं नरांना गंधासाठी लागतात. रस शोषण्यात ती गुंतलेली असतात, त्यामुळे अंतराचा प्रश्न उरत नाही. ही झुडपं पडीक जागेत, रस्त्याकडेला असतात, तणनाशक मारण्याआधी गाठा.

सुगी झाली की भाताच्या रिकाम्या शेतांत मसूर-वाटाणा येतो आणि धोबी, तुतवार, चंडोल असे जमिनीवरचे पक्षी दिसू लागतात. वरून भोवत्या खालून-खालून उडत फिरतो. तो शेताच्या कडा धरून उडतो, म्हणून पाठलाग न करता कडेला थांबा. धुकं असताना कॅमेरा फोटो राखाडी काढतो, तिथे +०.७ ते +१ द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरणं कमी करा आणि एक फुललेली काटेसावर किंवा पळस शोधा. मधासाठी मैना, भोरड्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल आणि खारी एकाच झाडावर येतात. सगळं झाड टिपण्याच्या नादाला लागू नका. डोळ्यांच्या उंचीला असलेली, मागे दूरवर मोकळं असलेली एकच फांदी निवडा, फोकस तिच्यावर ठेवा आणि थांबा. गच्ची किंवा बांधाचा चढ मिळाला तर उत्तम, कारण खालून काढलेल्या फोटोत पक्ष्याचं पोट आणि पांढरं आकाश एवढंच येतं. पिकलेल्या उंबराचं आणि वडाचंही हेच. फळं थोड्याच दिवसांत संपतात, म्हणून झाडं लक्षात ठेवून आठवड्याला नजर टाका.

उन्हाळ्यातली एक गोष्ट बरेच जण लेन्सवर ढकलतात. नऊनंतर तापलेल्या माळावर किंवा डांबरावर लांबच्या पक्ष्याचा फोटो कितीही फोकस केला तरी मऊ येतो. तापलेली हवा हलते आणि रेषा विस्कटते. ट्रायपॉड किंवा शटर वाढवून उपयोग नाही. अंतर कमी करा किंवा सकाळी लवकर या. गाडीच्या काचेतून काढतानाही एसीची हवा आणि इंजिन दोन्ही बंद हवीत. खिडकीवर टेकायला कापडी पिशवीत दीड-दोन किलो जोंधळा भरा. ती ट्रायपॉडपेक्षा लवकर लागते आणि हलत नाही. पावसाळ्यात जोंधळ्याला बुरशी येते, तेव्हा थर्माकोलचे मणी भरा. गाडी पक्ष्यांना माणसाइतकी खुपत नाही. दार उघडून खाली उतरलात की मात्र संपलं.

एका दिवसात होणाऱ्या फेऱ्यांमध्ये राकसकोप जलाशय, येळ्ळूरचा राजहंसगड आणि वैजनाथाचा डोंगर पावसाळी ढगांसाठी चांगले. पूर्वेकडे मात्र नीट ठरवून जायला हवं. घटप्रभेवर धुपदाळच्या बंधाऱ्याभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे पाणपक्ष्यांची गर्दी असते, करकोचे आणि कांड्या करकोचे यांच्यासाठी हे अभयारण्य ओळखलं जातं. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने घटप्रभा स्टेशनवर उतरता येतं. पण इथे पाणी रुंद आहे आणि पक्षी लांब बसतात. वरचं गणित आठवा: ३०० मिमीने एकट्या पक्ष्याचा मोठा फोटो होणार नाही. थवा, पाणी आणि सकाळचं आकाश अशी चौकट मनात ठेवून गेलात तर निराश होणार नाही. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडच्या शाळवाच्या शेतांत थंडीत काळ्या डोक्याचे पिवळे भारीट मोठ्या थव्यांनी उतरतात. कणसावर बसलेला एक पक्षी आणि मागे उडणारा थवा ही फ्रेम तिथे १/१२५० ने सहज मिळते. कणसं भरत आल्यावर जा. पाखरं हाकलायला शेतकरी स्वतः राखणीला असतात, ती कोणत्या बाजूने येतात हे तेच सांगतील.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण पाणी वर्षभर सारखं नसतं. जुलै ते सप्टेंबर, आणि त्यातही घटप्रभेला पाणी आहे याची बातमी बघून निघा. लालसर, मातकट पाण्याचा दुधासारखा फोटो होत नाही. तिथे १/१००० ने पाण्याचा जोर दाखवणं जास्त खरं वाटतं. झुलत्या पुलावर जायला मिळालं तरी ट्रायपॉड तिथे निरुपयोगी, कारण माणसं चालली की पूल हलतो. लाँग एक्स्पोजर खडकावरूनच, १/४ ते १ सेकंद, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून. कड्याजवळचा शेवाळलेला खडक टाळा. तिथे पाय घसरून माणसं गेली आहेत.

आता लांबचे प्रवास. इथे एकच नियम मी कडकपणे पाळायला सांगेन: ठिकाण न ठरवता विषय ठरवा, आणि एका खेपेला एकच. ‘अंबोलीला जाऊन काय मिळेल ते टिपू’ म्हणून निघालेला माणूस दोन्ही लेन्स ओल्या करून परत येतो.

अंबोली बेळगावपासून सत्तरएक किलोमीटर. तिथला जून-जुलै बेडकांचा. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो. अंबोली टोड पहिल्या पावसांत जांभ्याच्या खडकांतल्या उथळ पाण्यात जमतो. काम रात्रीचं, म्हणून स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याला जागा माहीत असतात आणि पायाखाली बेडूक चिरडले जात नाहीत. हाताला डास पळवणारं मलम लावून बेडकाला शिवू नका. त्यांची कातडी सगळं शोषते. डीट असलेलं मलम लेन्सच्या रबराला आणि प्लास्टिकलाही खातं. जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे पुरतात. हिरवा चापडा साप एकाच फांदीवर तासन् तास बसलेला असतो, त्यामुळे चांगली फ्रेम मिळावी म्हणून काठीने सरकवणारे भेटतात. हा विषारी साप आहे, आणि सरकवल्याने त्याची भक्ष्यासाठी निवडलेली जागाही सुटते. मीटरभराहून जवळ जाऊ नका. त्याच गावाच्या वर हिरण्यकेशीचं उगमस्थान आहे, आपल्या संकेश्वरवरून वाहणारी तीच नदी. २०२० मध्ये तिथून शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची नवी प्रजाती नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात न उतरता, काठावरून पोलरायझर फिरवून चमक कमी करून बघा.

चोर्ला आणि चंदगडकडचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर. सीतेची आसवं, गेंद, कवला, कीटक खाणारी दवबिंदू. इथे १८ मिमी लेन्स फुलापासून वीत-दीड वीत अंतरावर, एफ/१६, आणि मागे ढगांचं आकाश. पाय फक्त उघड्या खडकावर ठेवा. मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि तुडवलेला तुकडा लवकर भरून येत नाही.

काजव्यांसाठी मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंतचे दिवस, जांबोटी-खानापूरकडची झाडं. अमावास्येच्या आसपास जा. उजेड असतानाच झाडावर फोकस करा, मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा, कारण अंधारात पुन्हा फोकस मिळत नाही. १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००, २० ते २५ सेकंदांचे तीस-चाळीस फोटो सलग, ट्रायपॉड न हलवता. घरी ते फोटो-सॉफ्टवेअरच्या ‘लायटन’ मोडमध्ये (यात प्रत्येक फोटोतला उजळ भाग टिकतो) एकत्र करा. बॅटरी किंवा मोबाईल लावू नका. काजव्यांचा लुकलुकाट ही नर-मादीची ओळख असते, उजेड पडला की ती थांबते. रस्त्याकडेचं झाड निवडू नका, एका गाडीचा दिवा सगळी मालिका घालवतो.

धनेशांसाठी दांडेली, आणि लहान जंगली पक्ष्यांसाठी गणेशगुडी. मार्च ते मे जंगलातलं पाणी आटतं तेव्हा गणेशगुडीला पाण्याच्या कुंड्यांवर पक्षी जवळ येतात, म्हणून ३०० मिमी असेल तर याच महिन्यांत जा. झाडीखाली उजेड फार कमी: एफ/५.६, १/१२५ ते १/२५०, आयएसओ ३२००, मोनोपॉड हवाच. पक्षी पाण्यात शिरण्याआधी काठावर क्षणभर थांबतो, तेव्हा दाबा. हिवाळ्यात पट्टेरी डोक्याच्या हंसांसाठी गदगपासून सुमारे २५ किमीवरचं मागडी तळं आहे. सकाळ-संध्याकाळ थवे तळं आणि शेतांमध्ये ये-जा करतात. उडते फोटो १/२५०० ने घ्या आणि थव्याच्या पुढे जागा मोकळी सोडा.

कोणत्या आठवड्यात काय दिसतं हे ई-बर्डवर त्या जागेच्या महिनावार नोंदींतून आणि आयनॅचरलिस्टवर कीटक-वनस्पतींसाठी बघता येतं. गेल्या तीन-चार वर्षांत सलग त्याच आठवड्यांत नोंद असेल तरच सुट्टी टाका.

पावसाळ्यात कॅमेरा परत आल्यावरची काळजी जाताना घेतलेल्या काळजीइतकीच मोठी. एसी गाडीतून दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहू द्या. तांदळात कॅमेरा पुरू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. कपाटात कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सला आपल्याकडे एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते.

परवानगीचा विषय आपल्या भागात विशेष गुंतागुंतीचा आहे, कारण चोर्ल्याजवळ तीन राज्यांच्या हद्दी मिळतात आणि प्रत्येकाचं वनखातं वेगळं. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बारापेडे गुहांमधली वटवाघळं दुर्मिळ आहेत आणि फ्लॅशने विचलित होतात, तिकडे जाऊच नका. पावसात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर बंदी घातली जाते, निघण्याआधी विचारून घ्या. गवा शंभर मीटरच्या आत असेल तर गाडीतच थांबा. पहाटे एकट्याने झाडीत शिरू नका, खानापूरकडे अस्वलं आहेत. शहरात कॅम्प आणि सांबऱ्याकडची लष्करी व हवाई दलाची हद्द लांब लेन्ससाठी वर्ज्य समजा, विमानतळाजवळ ड्रोनही नको.

फोटो टाकताना त्यातलं जीपीएस लोकेशन काढा. घरटं, घुबडाची ढोली, सापाची जागा यांचं गाव लिहू नका, तालुका पुरतो. मर्लिन या पक्षी ओळखण्याच्या अ‍ॅपवरून आवाज लावून पक्षी बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. नर हद्द राखायला धावत येतो आणि तेवढा वेळ घरट्याकडे त्याचं लक्ष राहत नाही.